कायमचा हो

गाडी माझ्या नावावर होती. विमा माझ्या नावावर, काचेवरच्या चिकटपट्टीवर माझं नाव, आणि पेढे वाटतानाही उमेश सगळ्यांना "प्रणितानं गाडी घेतली" असंच सांगत होता. फक्त त्या गाडीतली वीज रोज संध्याकाळी कोण काढून नेतं, हे मला कळायला सासूबाईंचा जीव कंठाशी यावा लागला.

मी अकोटच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. म्हणजे वीज या विषयावर मला चारचौघांत बोलायला लाज वाटायचं काही कारण नाही. आता वाटते, आणि लाजेपेक्षा संताप जास्त येतो.

विजेच्या गाड्या धडाधड स्वस्त झाल्या त्याचं कारण सोडियम. आधीच्या लिथियमच्या बॅटऱ्या भरून रिकाम्या करत राहिलं की म्हाताऱ्या होत जायच्या. सोडियमची नवी बॅटरी आली ती भरा, उपसा, पुन्हा भरा, तिला काही होत नाही. तेजोवाहन कंपनीच्या लोकांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. जी वस्तू वापरून झिजत नाही, ती मालकाशिवाय इतरांनी वापरली तर बिघडलं कुठं?

याची गरजही होती, ते नाकारत नाही. तारांमधून वाहणारा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनं घेतो. मागणी वाढली आणि वीज कमी पडली की हा ठेका मंदावायला लागतो, आणि फार मंदावला तर अख्खं राज्य अंधारात जातं. संध्याकाळी सूर्य बुडतो, सौरपट्ट्यांचं काम संपतं आणि नेमके तेव्हाच घरोघरी एसी सुरू होतात. मग दारात उभ्या असलेल्या लाखो गाड्यांमधून थोडी थोडी वीज उलटी काढायची, संध्याकाळ निभवायची, आणि मध्यरात्रीनंतर मागणी उतरली की पहाटेपर्यंत गाड्या पुन्हा भरून द्यायच्या. कल्पना झकास आहे. मी वर्गात फळ्यावर आकृती काढून तिचं कौतुक केलेलं आहे.

जो गाडी अशी वापरू देईल त्याला सरकारनं प्राप्तिकरात घसघशीत सूट दिली. तिचं नाव सहभाग सवलत. कंपनीनं किंमत उतरवली ती वेगळीच. आणि गाडी बाईच्या नावावर घेतली तर सूट आणखी वाढायची. झालं! आपल्याकडे बाईच्या नावावर काय काय घेतात ते काही सांगायला नको. मुद्रांक शुल्क वाचतं म्हणून प्लॉट, व्याज कमी लागतं म्हणून कर्ज. आता गाड्या. आमच्या वस्तीतली एकजात प्रत्येक सवलतीची गाडी बायकोच्या नावावर निघाली.

आम्हाला गाडी सासूबाईंसाठी हवी होती. कौसल्याबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, एक दिवसाआड अकोल्याला डायलिसिस. पंचेचाळीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. उमेशला त्याचं कृषी केंद्र सोडून निघता येत नव्हतं, म्हणून मी गाडी शिकले आणि कॉलेज सांभाळून त्यांना नेऊ-आणू लागले.

शोरूममध्ये गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. माझ्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात कुंकवाची वाटी. तेवढ्यात तिथला मुलगा टॅब घेऊन समोर उभा राहिला.

"वहिनी, इकडे बघा. मी विचारतो, तुम्ही फक्त हो म्हणा."

मी तीन वेळा हो म्हटलं. काय विचारलं ते धड ऐकलंही नाही, कारण सासूबाई मागून ओरडत होत्या, "नारळ फोड व आधी, मुहूर्त चालला!"

"मोबाइल नंबर?" मुलानं विचारलं.

"माझा घाल," उमेश म्हणाला. "तिला कोण मेसेज वाचत बसायला सांगेल."

मी हसले होते. तेव्हा मला ते लाडाचं बोलणं वाटलं.

वर्षभर सगळं छान चाललं. संध्याकाळी गाडी उपसली जायची आणि पहाटे भरून मिळायची, त्यामुळे ती उपसली जाते हे माझ्या गावीही नव्हतं. मला वाटायचं, सहभाग म्हणजे वर्षातून चार-दोन वेळा, अडीनडीला. मग यंदाचा एप्रिल आला. पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला आणि रात्रीसुद्धा खाली येईना. रात्रभर एसी, रात्रभर कूलर. मागणी उतरलीच नाही. म्हणजे संध्याकाळी काढून नेलेली वीज परत करायला पहाटे कोणाकडे काही शिल्लक नव्हतं.

त्या सकाळी सासूबाई पिशवी घेऊन फाटकापाशी उभ्या होत्या. मी गाडीत बसले आणि पडद्यावर पाहिलं, तर बॅटरी नऊ टक्के. चार्जरवर लाल अक्षरं होती, 'भार जास्त असल्याने चार्जिंग तात्पुरते थांबवले आहे.'

"काय झालं व? गाडी काहून निघून नाही राह्यली?"

"भरली नाही आई."

"रातभर तर लावून होती."

समोरच्या ठेकेदारांची मोठी गाडी त्याच वेळी बाहेर पडली. त्यांनी सवलत घेतली नव्हती, पूर्ण किंमत मोजली होती, म्हणून त्यांच्या बॅटरीला आणीबाणीशिवाय हात लागत नाही. काचा वर, आत गारवा. त्यांनी मला हात केला आणि निघून गेले.

भाड्याची गाडी मिळेना. ज्याला विचारावं त्याची गाडी अशीच उपाशी. शेवटी बस. सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय हाय, लगनाच्या वरातीत म्या बसनंच गेलती." पण अर्ध्या वाटेत त्यांना दम लागायला लागला. डायलिसिस होणाऱ्या माणसाच्या अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसात चढलं की माणूस कोरड्या जागी बसून बुडायला लागतो. त्या माझा हात धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या बोटांना मुळीच जोर नव्हता. दवाखान्यात पोचलो तर आमची वेळ गेलेली, मशीन दुसऱ्याला दिलेलं. ऑक्सिजन लावून त्यांना दुपारपर्यंत झोपवून ठेवलं.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज निभावलं. परवा उशीर करू नका. पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही."

दुपारी सासूबाईंना मशीनवर घेतलं, तशी मी रिक्षा केली आणि तेजोवाहनच्या ग्राहक केंद्रात जाऊन धडकले. आत इतका एसी की घामाचं अंग शहारलं. ऋजुता नावाची एक मुलगी हसतमुखानं समोर आली.

"माझी गाडी रोज कोण रिकामी करतं?" मी विचारलं.

तिनं माझ्या गाडीचा नंबर टाकला आणि तिचा चेहरा आणखी खुलला. "मॅडम, अभिनंदन! तुमची गाडी सहभागात तालुक्यात पहिली आहे."

"मला पहिली यायचं नाही. माझ्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं आहे."

"पण तुमची संमती आहे ना मॅडम." तिनं पडदा माझ्याकडे वळवला. शोरूममधल्या त्या चित्रफितीत मी होते. हातात नारळ, कपाळावर कुंकू सांडलेलं, आणि मी हसून हसून हो म्हणत होते. पाठीमागून सासूबाईंचा आवाजही आला होता.

"बरं. आता मी नाही म्हणते."

"म्हणू शकता की. रोज साडेसहाला आपण मालकाला विचारतोच, आज सहभाग हो की नाही. घरात पेशंट असेल तर रोज नाही म्हटलं तरी सवलत जात नाही."

"रोज विचारता? कोणाला?"

"या नंबरवर." तिनं बोट ठेवलं. नंबर उमेशचा. "आणि इथून पहिल्याच आठवड्यात 'कायमचा हो' निवडलेला आहे. त्याला दुप्पट गुण मिळतात मॅडम, गुणांवर वस्तू घेता येतात. हे बघा, तुम्ही ऑगस्टमध्ये मिक्सर घेतलाय."

ऑगस्टमध्ये माझा वाढदिवस असतो. तो मिक्सर उमेशनं लाल कागदात बांधून आणला होता, आणि मी शेजारपाजारच्या बायकांना बोलावून दाखवला होता.

"नंबर बदला," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती.

"जुन्या नंबरवर ओटीपी जाईल."

"गाडीची मालक मी आहे."

"हो मॅडम, मालक तुम्हीच आहात," ती अगदी मनापासून म्हणाली. "ओटीपी सरांकडे जाईल."

मी उमेशला फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक आहे, रात्री बघू, म्हणाला. मग मी त्या मुलीला एक शेवटचा प्रश्न विचारला. इतक्या गाड्या असताना माझीच रोज का?

ते तिनं फार सोपं करून सांगितलं. कोणाची वीज घ्यायची ते यंत्र ठरवतं, आणि यंत्र अनुभवावरून शिकतं. नकार आला की ऐन वेळी गडबड होते, म्हणून जिथून नकार येण्याची शक्यता सगळ्यात कमी, तिथून ते आधी घेतं. "आणि सगळ्यात कमी नकार लेडीज गाड्यांचे असतात मॅडम. लेडीज फार को-ऑपरेटिव्ह असतात."

मी वर्गात मुलांना सांगते की यंत्राला अक्कल नसते, त्याला आपण देऊ तीच सवय लागते. या यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं की बायकांचं आधी ओरबाडा. त्यानं फक्त जिल्ह्यातल्या घरांकडे पाहिलं होतं. नाव बाईचं, फोन बाप्याचा, आणि नुकसान झालं तर ते सोसायला पुन्हा बाई. तिथं नकार येणार कुठून? हजारो वर्षं घराघरांत जे चालत आलं ते त्यानं वर्षभरात शोधून काढलं आणि त्यावर सगळा जिल्हा थंड ठेवला. को-ऑपरेटिव्ह! मला त्या मुलीच्या टेबलावरची काच फोडावीशी वाटली. पण ती बिचारी माझ्यासाठी पाणी घेऊन आली होती. मी पाणी प्याले आणि निघाले.

परतीला भाड्याची गाडी मिळाली. घरी पोचलो तेव्हा उमेश सोफ्यावर बसून मोबाइल बघत होता. आईकडे बघून उठला, उशी दिली, पंखा वाढवला. वाईट माणूस नाही तो. त्यामुळेच तर चीड येते.

"ओटीपी येईल, तो सांगा," मी म्हणाले.

"अगं, एवढं काय पेटलीस? रोज रोज हो दाबायची कटकट नको म्हणून ते करून ठेवलं. मला काय माहीत सकाळी भरून येणार नाही?"

"एक वर्ष रोज माझ्या तोंडून हो म्हणताय तुम्ही. एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

"त्यात विचारायचं काय? गाडी काय तुझी आणि माझी वेगळी आहे का?"

"वेगळी नाही ना? मग मिक्सर मला भेट म्हणून कसा दिलात?"

त्यानं नेहमीचं शस्त्र काढलं. "सवलत गेली तर? सगळी रक्कम परत मागतील. आणि मॅडम जाऊन भांडून आल्या असं गावात—"

"उम्या." सासूबाई पडल्या पडल्या बोलल्या. दमानं आवाज फुटत नव्हता, पण उमेश जागच्या जागी थांबला. "माहं रगत धुवाची मशीन तुह्या मिक्सरवर चालते काय?"

"आई, तसं नाही..."

"मंग कसं हाय? आज बसमधी म्या जीव सोडला असता तं तिनं एकलीनं काय केलं असतं? तुले तं फोनवर बोलाले बी येळ नाई. दे तिले तो नंबर. आन् पुन्हा तिच्या जागी बोलजो नको."

मी कंपनीच्या ॲपवर नंबर बदलायला टाकला, तसा उमेशनं मोबाइल उचलला आणि आलेले आकडे वाचून दाखवले. त्याचा आवाज शाळेत पाढे चुकलेल्या पोरासारखा झाला होता. माझ्या फोनवर पहिल्यांदाच अक्षरं उमटली, 'नमस्कार, प्रणिता गावंडे. आपण या वाहनाच्या मालक आहात.' वर्षभरानंतर कळवल्याबद्दल मी गाडीचे आभार मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला प्रश्न आला. आज सहभाग, हो की नाही? मी नाही दाबलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी भरलेली होती, आम्ही वेळेच्या आधी पोचलो, आणि येताना सासूबाईंनी पोपटखेडच्या धरणाच्या, त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगितल्या. मला वाटलं, सुटलो.

घरी आले तर शेजारच्या रेखाताई सपकाळ गाडीला लाथ मारत होत्या. त्या खानावळीचे डबे पोचवतात. गाडी रिकामी, पन्नास डबे ओट्यावर आंबत पडलेले.

"आजवर असं कधी झालं नवतं हो मॅडम! काल तं अर्धी भरून होती."

माझा नकार आला म्हणून यंत्रानं काही संध्याकाळ सोडली नव्हती. त्यानं आपलं पुढच्या दारात हात घातला होता.

"रेखाताई, गाडी कोणाच्या नावावर?"

"माह्याच तं."

"नंबर कोणाचा?"

त्यांनी घराकडे पाहिलं. आत त्यांचे मालक टीव्ही बघत होते.

मी सूचनाफलक लावला नाही, सभा घेतली नाही. सभेला बायका येत नाहीत, आल्या तर बोलत नाहीत. पण एप्रिलमध्ये आमच्याकडे पापडाचं बोलावणं असतं. एकीनं पीठ भिजवायचं, बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन पहाटे तिच्या घरी जायचं आणि ऊन चढायच्या आत तिचे पापड लाटून द्यायचे. उद्या तिनं दुसरीकडे जायचं. या बोलावण्याला नाही म्हणायची पद्धत नाही, आणि बाप्ये तिथं फिरकत नाहीत. मी उडदाचं पीठ भिजवलं आणि वस्तीत निरोप दिला.

अंगणभर बायका बसल्या. लाट्या कापून झाल्या, लाटणी फिरायला लागली. मी विचारलं, "तुमच्या गाडीवर फोन नंबर कोणाचा आहे?"

आधी हशा पिकला. "आमच्या ह्यायचाच ना, अजून कोनाचा!" मग मी मिक्सरची गोष्ट सांगितली. हशा थांबला. एकीच्या घरी गुणांवर इस्त्री आली होती. एकीच्या घरी काहीच आलं नव्हतं, आणि नवरा दर महिन्याला मित्रांबरोबर चिखलदऱ्याला जात होता. तिनं लाटणं खाली ठेवलं.

"पण मॅडम, बाप्ये ओटीपी देतीन काय?"

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "जेवाले वाढाच्या आधी मागजा."

त्या दुपारी आमच्या वस्तीत जेवणं बऱ्याच उशिरा झाली म्हणतात. काही घरांतून आवाज आले. रेखाताईंच्या मालकांनी ताट सारलं, मग पुन्हा ओढलं. पण साडेसहाला ज्या त्या बाईच्या हातात तिचा फोन होता, आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं.

मला वाटलं होतं दिवे जातील. गेले नाहीत. वीज आली, कारण यंत्राला ऐन वेळी दुसरी घरं सापडली नाहीत आणि आणीबाणीचं कलम लावून पहिल्यांदाच पूर्ण किमतीच्या गाड्यांमधून घेतली गेली. म्हणजे घेता येत होती! सगळा उन्हाळा घेता येत होती, फक्त त्या लोकांना विचारायचं धाडस कोणाला नव्हतं. सकाळी ठेकेदार फाटकाबाहेर उभे राहून फोनवर कोणाला तरी शिव्या घालत होते. मी त्यांना हात केला.

दहाच्या सुमाराला मला कंपनीतून फोन आला. बोलणारा फार अदबीचा होता.

"मॅडम, आपल्या भागातून नकार एकदम वाढले आहेत. आमच्या अंदाजात हे बसत नाही. काही तांत्रिक बिघाड आहे का?"

"होता," मी म्हणाले. "दुरुस्त केला."

चार-पाच दिवस बरे गेले. सासूबाईंच्या पायांची सूज उतरली, त्या मला पुन्हा टोमणे मारायला लागल्या. मग एका सकाळी तेल्हाऱ्याहून छायाताईंचा, माझ्या नणंदेचा, फोन आला.

"वहिनी, आज आईले भेटाले यावं म्हनलं होतं. पण गाडीच भरली नाही बाई. रातभर लावून होती. आमच्या साऱ्या गल्लीत हेच होऊन राह्यलं, कालपासून."

आमच्या वस्तीतल्या बायका नाही म्हणायला लागल्या, म्हणून यंत्र शेजारच्या गावात गेलं होतं. जिथून नकार येत नाही अशी घरं शोधत.

सासूबाईंनी नजरेनं विचारलं, काय झालं? मी फोनचा आवाज मोठा केला.

"छायाताई, गाडी कोणाच्या नावावर आहे?"

"माह्याच नावावर हाय ना. सवलत भेटते म्हनून ह्यायनं..."

"आणि नंबर?"

सासूबाई खाटेवर उठून बसल्या होत्या, आणि त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"छाये," त्या म्हणाल्या, "उडदाचं पीठ भिजवून ठेव. साऱ्या गल्लीले बोलाव. उद्या आमी येतो, लाटनं घेऊन."